चीवराचं तबक

माझ्या पोटचा मुलगा मला काकू म्हणतो. मलायाच्या सरहद्दीवरच्या आमच्या तुंपातकडे हे ऐकून कुणी भुवई उंचावत नाही. इथल्या चिनी घरांत असं एखादं तरी पोर असतंच, जे जन्मदात्रीला काकू नाहीतर मावशी म्हणतं आणि आई म्हणायला शेजारी जातं. सगळ्यांच्या सवयीची गोष्ट आहे. मला मात्र तिची सवय झाली नाही.

बून लेंग तान्हा असताना सारखा तापाने फणफणायचा. डॉक्टर झाले, पलीकडच्या गावातल्या मलायी मांत्रिकाचं फुंकलेलं पाणी पाजून झालं. शेवटी देवळात घेऊन गेले. देऊळ सयामी लोकांचं, पण आवारात क्वान यिन देवीची घुमटी आहे ती आम्हा चिन्यांनी बांधलेली, आणि तिच्या पायरीवर तेव्हा पंचांग बघणारे एक म्हातारबा बसायचे. त्यांनी बोटांच्या पेरांवर बराच वेळ काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "पोराचे आणि तुझे ग्रह एकमेकांच्या उरावर बसलेत. हा तुला आई म्हणाला, तर दोघांतलं एकच उरेल."

"अहो, पण अजून त्याला बोलता कुठे येतंय?"

"मग बरंच झालं. सवय मोडावी लागणार नाही."

उपाय ठरलेलाच होता. पोर दुसऱ्या बाईच्या ओटीत घालायचं. राहायला आपल्याच घरी, खायला आपलाच भात, पण आई म्हणायचं ते तिला. म्हणजे ग्रहांचा डोळा चुकतो. अट एकच, त्या बाईचं एकही मूल दगावलेलं नसावं. पुढे कधी दगावलंच, तर नातं त्याच दिवशी तुटलं. पोरासाठी नवी आई शोधायची.

अशी बाई शोधायला लांब जावं लागलं नाही. देवळाच्या फाटकाशी माझं दुकान आहे. सयामी आले की कमळाचे कळे आणि सोन्याचा वर्ख, चिनी आले की उदबत्त्यांचे जुडगे आणि पितरांसाठी जाळायच्या कागदी नोटा, रबराच्या मळ्यातले तमिळ आले की पिंपळाखालच्या गणपतीसाठी कापूर. देव कुठलाही असो, काडेपेटी माझ्याकडचीच. आणि माझ्या दुकानाला लागून प्लिनची गाडी, गोकर्णीच्या फुलांनी रंगवलेल्या निळ्या भाताची. प्लिन सयामी, माझ्याहून चार पावसाळे जास्त पाहिलेली, दोन मुलांची आई. दोघंही मुलगे रेड्यासारखे धडधाकट. थोरला नदीपलीकडे सयामात घरजावई झाला, धाकटा चीत तेव्हा देवळाच्या तळ्यात डुंबत असायचा. थोरल्या भंतेंनी बून लेंगच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला, म्हातारबांनी देवीपुढे लाल कापड अंथरलं, आणि मी माझं पोर उचलून प्लिनच्या मांडीवर ठेवलं.

ताप उतरला. माझ्या डोक्यात चढला.

कारण तो पहिल्यांदा "आई" म्हणाला तेव्हा माझ्याच कडेवर होता आणि हात मात्र गाडीकडे पसरलेले होते. दर नव्या वर्षाला प्लिन रिवाजाप्रमाणे त्याला वाडगा, जेवायच्या काड्या आणि नवे कपडे आणायची. विजार नेमकी त्याच्या मापाची. मी शिवून घेतलेली हमखास आखूड व्हायची. शाळेत बक्षीस मिळालं की पठ्ठ्या माझ्या दुकानासमोरून धावत जाऊन ते आधी तिला दाखवायचा. पहिल्या पगाराचे दोन सारोंग आणले, दोघींना एकसारखे, जांभळे. आमचे हे म्हणाले, "बघ, पोर किती न्यायी आहे!" मी दोन्ही उन्हात धरून पाहिले. तिचा रंग जास्त पक्का होता.

आणि प्लिनशी भांडावं, तर तीही सोय नाही. मी टोमणा मारला की ती भाताची पुडी पुढे करायची. "जेवली नाहीस वाटतं," म्हणायची. असल्या बाईचं काय करावं माणसाने?

बून लेंग सातवीत असताना प्लिन त्याला घेऊन नदीपार सोंगख्लाला जत्रेला गेली होती. चीत तिथे कामाला होता, त्यालाही भेटू म्हणाली. मी मनावर दगड ठेवून पाठवलं. पोर परत आलं ते तोंड शिवल्यासारखं. जत्रेतलं एक खेळणं नाही, की गोड खाऊ नाही. मी म्हटलं, "काय रे, काकूला काहीच आणलं नाहीस?" तर रडायलाच लागला. प्लिन म्हणाली, प्रवासाने थकलाय. चीत म्हणे बर्फाच्या कारखान्यात लागलाय, लग्न केलंय, आता काही लवकर यायचा नाही. मी तेव्हा गावभर सांगत सुटले होते, बघा, स्वतःचा मुलगा हातचा गेला म्हणून ही माझ्याला गोंजारते.

यंदा पाऊस लागायच्या आधी बून लेंग जेवता जेवता म्हणाला, "काकू, मी पंधरा दिवस दीक्षा घेतो."

मला इतका आनंद झाला की घास तोंडातच राहिला. मुलगा भिक्खू झाला की त्याच्या चीवराचं टोक धरून आई स्वर्गात जाते असं सयामी म्हणतात. आम्ही चिनी असलो म्हणून काय झालं? स्वर्गाची वाट कुणाचीही चालते. आणि दीक्षेच्या मिरवणुकीत चीवराचं तबक हातात घेऊन सगळ्यांच्या पुढे चालते ती आई. ती निघाली की मिरवणूक निघते, ती थांबली की थांबते. दुकानात बसून मी अशा किती मिरवणुका फाटकातून आत जाताना पाहिल्या आहेत. प्रत्येक वेळी त्या बाईच्या हातांकडे बघत राहायचे. एवढा एक दिवस माझा, असं मनाशी धरून ठेवलं होतं.

"जांभळा सारोंग नेसते मी," मी म्हटलं. "तबकाखाली लाल रेशीम घालू."

बून लेंग ताटाकडे बघत म्हणाला, "तबक आई घेईल, काकू."

मी उठले आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती, तरी परत घासली. आमचे हे मागे येऊन उभे राहिले. "एक तबक ते, हुई. हवं तर आपलं चहाचं तबक घे, अंगणात तीन फेऱ्या मार. मी ढोल वाजवतो."

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला काय, तुम्हाला तो बाबाच म्हणतो."

दुसऱ्या दिवशी मी थोरल्या भंतेंकडे गेले. ते मांजरांना भात घालत होते. मी म्हटलं, "भंते, कळा मी सोसल्या. तबक कुणाचं?"

"मुलाला विचार."

"तो तिचंच नाव घेतो."

"मग उत्तर मिळालं की. मला कशाला विचारतेस?"

"तुमच्या सयामी रिवाजात आई म्हणजे जन्म देणारी ना? मग ही मानलेली आई मध्येच कुठून आली?"

"ती तुमच्या चिनी रिवाजातून आली," भंते म्हणाले. "तू ठेवलंस ना मूल तिच्या मांडीवर? मी तर फक्त दोरा बांधला." मांजरांनीसुद्धा माझ्याकडे वर बघितल्यासारखं वाटलं. मी दात-ओठ खात परत आले.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी दुपारी मुंडन झालं. पहिली बट कापायचा मान वडीलधाऱ्यांचा, म्हणून कातर आधी प्लिनच्या हाती. मी दुसरी. केस कमळाच्या पानात गोळा केले, भंतेंनी डोकं आणि भुवया साफ केल्या, आणि पांढऱ्या वस्त्रात बून लेंग समोर येऊन बसला. मग घराण्यातल्या मेलेल्यांसाठी पाठ सुरू झाला. या वेळी प्रत्येकाने पितळी झारीतून वाडग्यात पाण्याची धार धरायची आणि आपल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायची, म्हणजे पुण्य त्यांना पोचतं. मी सासू-सासऱ्यांची नावं घेतली, माझ्या आईचं घेतलं. प्लिन माझ्या खांद्याला खांदा लावून बसली होती. तिने आपल्या बापाचं नाव घेतलं, नवऱ्याचं घेतलं. आणि मग धार अगदी बारीक करून म्हणाली, "चीत."

मला वाटलं, म्हातारी झाली, जिवंत पोराचं नाव घेऊन बसली. असं केलं तर फार अशुभ. मी तिला कोपराने ढोसलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि धार न थांबवता तेच नाव पुन्हा घेतलं. तेवढं पुरे होतं.

वाडग्यातलं पाणी नंतर झाडाच्या मुळाशी ओतायचं असतं. पिंपळाखाली, गणपतीच्या मागे, मी तिला गाठलं.

"कधी?"

"सोंगख्लाला." ती खाली बघत पाणी ओतत होती. "मासेमारीच्या होडीवर होता. होडी उलटली."

"मला म्हणालीस बर्फाच्या कारखान्यात आहे."

"बर्फाच्या कारखान्यातच ठेवला होता, आम्ही पोचलो तेव्हा. तेवढं काही मी खोटं बोलले नाही."

"आम्ही?"

"बून लेंग होता ना माझ्याबरोबर. जत्रेला म्हणून निघालो होतो. चितेपाशी तोच उभा राहिला, धाकट्या भावासारखा."

सातवीतलं पोर. म्हणजे म्हातारबांच्या अटीप्रमाणे नातं त्याच दिवशी तुटलं होतं. त्या दिवसापासून ही बाई त्याची कुणीही नव्हती, आणि तरी नव्या वर्षाला वाडगे आणत होती, कपडे आणत होती, आई म्हणवून घेत होती. मला आधी दुःख व्हायला हवं होतं, चीतला मी तळ्यातून कान धरून बाहेर काढलेलं. पण पहिला उसळला तो रागच.

"चोर आहेस तू, प्लिन. माझी एवढी वर्षं खाल्लीस."

"खाल्ली," ती म्हणाली.

"गावात तोंड वर करून हिंडलीस! सून आहे म्हणालीस!"

"मी चीतसाठी रडले असते तर तू दुसऱ्या दिवशी येऊन बून लेंगला घेऊन गेली असतीस. गेली असतीस ना?"

"गेलेच असते. रिवाजच आहे तो."

"एकाच महिन्यात दोन मुलगे गेले असते, हुई. मला नाही जमलं." तिने रिकामा वाडगा सारोंगच्या टोकाने पुसला. "चीतची दीक्षा राहिली होती. बून लेंग म्हणाला, मी घेतो त्याच्या नावाने. म्हणून तबक माझ्याकडे. नाहीतर मी तुझ्या हातातलं कशाला घेईन?"

मी तिला तिथेच टाकून बून लेंगकडे गेले. तो विहाराच्या ओसरीवर एकटा बसला होता. भुवया काढल्यामुळे तान्हा असताना दिसायचा तसाच दिसत होता, आणि त्यामुळे मला जास्तच चीड आली.

"तुला ठाऊक होतं."

त्याला विचारावंच लागलं नाही, काय ते. "हो, काकू."

"दोघांनी मिळून मला मूर्ख बनवलंत. तुला जेवायला वाढत होते मी रोज! समोर बसून भात खायचास आणि एक शब्द नाही?"

"सांगितलं असतं तर तू मला त्या म्हातारबांकडे नेलं असतंस. त्यांनी तिसरी आई काढून दिली असती." त्याने हसायचा प्रयत्न केला. "मला दोघींनाच पुरं पडता येत नाही."

"तिसरी कशाला? मी मेले होते का? तेव्हापासून मला आई म्हणता आलं नसतं?"

आवारात कुणीतरी मांडवाचे बांबू ठोकत होतं.

"तुझ्यामाझ्या मध्ये ग्रहांना अडवायला कुणी उरलंच नव्हतं ना," तो म्हणाला. "मी तुला आई म्हटलं असतं आणि तुला काही झालं असतं तर? एक मेलेलं माणूस मी नुकतंच पाहिलं होतं."

"अरे, थापा रे त्या म्हाताऱ्याच्या!"

"मग तू का पाळल्यास?"

"तुला काही होऊ नये म्हणून!"

"मग मीही तेच केलं."

रडू आलं असतं तर मोकळी झाले असते, पण आत नुसता जाळ होता. सुखात वाटा दिला नाही तर माणूस सोडून देतं, म्हणतं, खा तुम्हीच. पण या दोघांनी मिळून एक दुःख जपलं होतं, भिंतीपलीकडे, माझ्या नाकासमोर, आणि मला त्यातलं चिमूटभरही दिलं नव्हतं. प्लिनचा मला कधी एवढा हेवा वाटला नव्हता. पोर मेलेल्या बाईचा हेवा! सांगायची सोय नाही, पण वाटला.

सकाळी जांभळा सारोंग नेसून मी मिरवणुकीला गेले. शेजारगावचे मलायी ढोलकरी आले होते, आमच्या चिनी मंडळाने लाल छत्री दिली होती, तमिळ पोरं आधीपासूनच नाचत होती. बून लेंगला दोघांनी खांद्यावर घेतलं. आमचे हे भिक्षापात्र छातीशी धरून उभे, जणू ते फुटेल. आणि सगळ्यांच्या पुढे प्लिन, हातात तबक, तबकात घडी केलेली केशरी चीवरं. तिचा चेहरा कोरडा ठक्क होता. तिनेही जांभळाच सारोंग नेसला होता.

मी बायकांच्या रांगेत मागे राहिले. ठरवलं होतं, बोलायचं नाही. मेलेल्या पोराच्या नावाने चाललंय, आपण कशाला आड या? विहाराभोवतीच्या दोन फेऱ्या तशीच चालले. तिसरी फेरी क्वान यिनच्या घुमटीपाशी आली आणि कमळवाली सिऊ पुढे होऊन प्लिनला म्हणाली, "काय गं, भावाची दीक्षा आणि चीत आला नाही? बायको सोडत नाही वाटतं!"

बायका हसल्या. प्लिनही हसली. "सुट्टी नाही मिळाली त्याला," म्हणाली.

ते हसू मी पाहिलं. इतकी वर्षं ती माझ्यापुढेही असंच हसत आली होती, आणि मी त्याला लबाडी म्हणत होते. माझ्या अंगाची लाही झाली. मी रांग मोडून पुढे गेले आणि तिच्या हातातलं तबक घेतलं. घेतलं कसलं, ओढलंच.

"अगं हुई!" आमचे हे ओरडले. ढोल अडखळले.

मला हळू बोलता येत नाही, हे सगळ्या तुंपातला माहीत आहे. मी म्हटलं, "हे मी धरते. बून लेंगची आई मी आहे. तू आज चीतची आई म्हणून चाल. गेलाय तो. त्याच्याचसाठी निघालीय ना ही मिरवणूक? मग कुणाला घाबरतेस आता?"

सिऊने तोंडावर हात ठेवला. ढोल थांबले. प्लिन आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिली. मग ती देवीच्या पायरीवर बसली आणि तिने जो हंबरडा फोडला, तो मी कुठल्याच घरात, कुठल्याच मयताला ऐकलेला नाही. इतक्या वर्षांचा होता तो. बायका धावल्या, कुणी पाणी आणलं, कुणी तिचं डोकं छातीशी धरलं.

हे मी तिच्यासाठी केलं की माझ्यासाठी, ते मला विचारू नका. आता सगळ्या गावासमोर नातं तुटलं होतं. तबक माझ्या हातात होतं.

"उतरवा मला," बून लेंग वरून म्हणाला. दीक्षेला निघालेल्याने वाटेत पाय जमिनीला लावायचा नसतो. माणसं घुटमळली, तर त्याने स्वतःच उडी मारली आणि गर्दी बाजूला सारत तिच्यापाशी जाऊन बसला. माझ्या शेजारून गेला, मला ओलांडूनच. तिचा हात त्याने दोन्ही हातांत घेतला. मला लागायचं ते लागलंच. आजही हा तिच्यासाठी उतरला, असं मनात आलंच.

विहाराच्या दारात थोरले भंते वाट बघत होते. आमचे हे पात्र सांभाळत माझ्या कानाशी आले. "मुहूर्त टळतोय, हुई. तू चालायला लाग, म्हणजे सगळे उठतील. त्यालाही यावंच लागेल."

खरं होतं ते. चीवर पुढे सरकलं की मिरवणुकीने सरकायचं, मुलाने मागून यायचं, मग कुणी का रडत बसेना. तो हक्क त्या घडीला माझा एकटीचा होता.

"मुहूर्ताला थांबायला सांगा," मी म्हटलं.

ऊन चढत गेलं, माझ्या दंडांना कळ लागली. माझ्यामागे छत्री, ढोलकरी, नाचणारी पोरं, अख्खं गाव उभं होतं. प्लिनचं रडून होईपर्यंत मी पाऊल उचललं नाही.